दोर कुणाच्या हातात
ख्रिस्तसभेचा फाशीला पहिल्यापासूनच विरोध होता, असं आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी म्हणालं, की मी 1788 सालच्या गोव्याची गोष्ट काढते. आदल्या वर्षी पोर्तुगीजांविरुद्धचा पिंटोंचा कट फुटला होता. कटात गोव्याचेच कॅथलिक होते, पाद्री होते तसे फौजेतलेही. डिसेंबरात पणजीत 15 जणांना देहदंड झाला, मुंडकी खांबांवर लागली. पाद्र्यांना मात्र लिस्बनच्या तुरुंगात धाडलं. कट एकच, पण झग्याला दोर लागला नाही.

देहदंड मान्य करून स्वतः नामानिराळं राहण्याची मुळं जुनी आहेत. शरीर वाचवायला सडका अवयव कापतात, तसा समाजाला घातक झालेला माणूस राज्यकर्त्यानं मारला तर चालतं, असं संत थॉमस अक्विनास यांनी 13व्या शतकात लिहिलं. त्याच प्रकरणात पुढे ते सांगतात, धर्मगुरूनं कुणाचा जीव घेऊ नये. गोव्यात 1560 साली आलेल्या आणि 1812 साली कायमच्या बंद झालेल्या इन्क्विझिशननं हा नियम अक्षरशः पाळला. धर्मन्यायालय स्वतः कुणाला जाळत नसे. ते माणसाला दोषी ठरवून सरकारच्या ताब्यात देई आणि वर दया दाखवा अशी विनंतीही करी. चिता सरकार पेटवी. ही विनंती मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती करणाऱ्याला पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक असे.

पुण्यातही तेच झालं. 1791 मध्ये घाशीराम कोतवालानं कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. पेशवाईत ब्राह्मणाला सहसा देहदंड देत नसत, आणि घाशीराम स्वतः ब्राह्मण. त्याला खवळलेल्या तेलंगी ब्राह्मणांच्या हवाली केलं गेलं आणि त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. दोन धर्म, दोन राज्यं, पण स्वतःचे हात कोरडे ठेवायची खोड तीच. पुढच्याच वर्षी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर, क्वार्टर गेटजवळ, आमचं सिटी चर्च उभं राहिलं. पेशव्यांच्या फौजेतले गोवेकर कॅथलिक तिथे मिस्सेला येत. त्यांच्या कानांवर पणजीही गेली असणार आणि घाशीरामही.

खुद्द पोपच्या राज्यात तर पदरी जल्लाद होता. जोव्हान्नी बुगात्ती यानं 1796 ते 1864 या काळात 516 जणांना मारलं. व्हॅटिकनच्या कायद्यातून देहदंड गेला तो 1969 साली.

1955 मध्ये पेपल सेमिनरी श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात, नगर रस्त्यावर आली. भावी पाद्री तिथे अक्विनास शिकू लागले, आणि येरवड्याचा तुरुंग तिथून जवळच. चापेकर बंधू तिथेच फासावर गेले. नोव्हेंबर 1983 मध्ये जोशी-अभ्यंकर खुनांतला जक्कल आणि त्याचे साथीदार गेले, 2012 साली मुंबईवरच्या हल्ल्यातला कसाब. जोशी-अभ्यंकर खुनांच्या दिवसांत अंधार पडला की पेठांतली दारं लागत, ती भीती मी पाहिली आहे. ज्यांची माणसं मारली गेली, त्या घरांना क्षमा शिकवायला कुणी जाऊ नये.

पण क्षमा हा त्या घरांचा प्रश्न आहे, दोर हा आपल्या सगळ्यांचा. गुन्हेगाराला मारण्याची खरी गरज आता जवळजवळ उरलेलीच नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 मध्ये लिहिलं. 2 ऑगस्ट 2018 ला पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथाचा 2267वा परिच्छेदच बदलला आणि फाशी अस्वीकार्य ठरवली. अत्यंत भयंकर गुन्ह्यानंतरही माणसाची प्रतिष्ठा जात नाही, तुरुंगात ठेवून समाज सुरक्षित राखता येतो, आणि सुधारण्याची वाट कुणाचीही कायमची बंद करू नये, अशी कारणं दिली. काही फादर याला जुन्याच शिकवणुकीचा विकास म्हणतात. मला ही सरळ उलथापालथ वाटते, आणि मुलांना ती तशीच सांगावी. बदललो म्हणायला लाज कसली?

2007 मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर अत्याचार करून तिचा जीव घेणाऱ्या दोघांची फाशी येरवड्यात 24 जून 2019 ला ठरली होती. मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द करून 35 वर्षांची कैद दिली. कारण, फाशी द्यायला झालेली दिरंगाई. दिरंगाई झाली नसती, तर खटका ओढला गेला असता. रविवारच्या मिस्सेत आपण आजाऱ्यांसाठी आणि मृतांसाठी प्रार्थना करतो. फाशी ठरलेल्यासाठी आणि त्याच्या हातून मेलेल्याच्या घरच्यांसाठीही ती व्हावी, दोघांसाठी एकाच दमात, तुरुंगाजवळच्या चर्चमध्ये तरी.