मणिबंध : उत्तर कोंकणांतील मणी आणि तार

संस्कृतांत मनगटास मणिबंध म्हणतात. अमरसिंहानें हातांतील अलंकारास आवापक, पारिहार्य, कटक व वलय असे पर्याय दिले असून केयूर व अंगद हे दंडावरचे सांगितले आहेत. ह्या नांवांवरून अलंकाराचें स्थान किंवा फार तर घाट कळतो, घडण कळत नाहीं. घडणीची खूण राहिली ती अवयवाच्या नांवांत : जेथें मणी बांधावयाचे ती जागा मणिबंध. सोन्याच्या पाटल्या-गोठांपुढें मण्यांच्या कंकणास कनिष्ठ लेखणाऱ्यांनीं हा शब्द लक्षांत घ्यावा.

आतां वस्तूंचा पुरावा पाहूं. सोपारें येथील बुरूड राजाचा कोट पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरला. तेथील तांब्याच्या करंडकांत रुप्याचा, पाषाणाचा, स्फटिकाचा व सोन्याचा असे एकांत एक डबे निघाले. सोबत सोन्याचीं फुलें, मणी व यज्ञश्री सातकर्णीचें रुप्याचें नाणें होतें. मणी अर्पण म्हणून ठेवलेला असो वा मनगटीं वागविलेला, त्याचा निवाडा भोंकाच्या कडेवरील झिजेवरूनच करावा लागतो. सूत व तार कडेस सारखें झिजवीत नाहींत.

तारेचें काम असें : धातूची कांब ठोकून बारीक करावयाची व जंतराच्या उत्तरोत्तर लहान भोंकांतून ओढावयाची. ओढतां ओढतां ती ताठते. मधून मधून तापवून मऊ न केल्यास तुटते. मग एका मण्यापुरता तुकडा मण्यांतून पार करून दोन्ही टोंकांस चिमट्यानें कडी वळवावी व उरलेलें टोंक कडीच्या मुळाशीं दोन-तीन वेढे देऊन बसवावें. पुढचा दुवा मागची कडी मिटण्यापूर्वींच तींत अडकवावा लागतो; एवढें विसरलें कीं केलेलें काम उलगडणें आलें. सुतांतली माळ तुटली तर सारे मणी सांडतात. येथें तुटला तर एकच दुवा जातो.

मणी कोठून येत? खंबायतचे अकीक समुद्रमार्गें सर्वत्र जात, आणि ह्या किनाऱ्याचा परदेशीयांशीं संबंध किती दृढ होता हें चिंचणी येथें १९५५ सालीं सांपडलेल्या ताम्रपटांवरून दिसतें. त्यांतील शके ८४८ (इ. स. ९२६) च्या, तिसऱ्या इंद्राच्या काळच्या पटांत संजानचा अधिकारी मधुमति हा ताजिक, म्हणजे अरब, आहे. ह्या पटांत मण्यांचा उल्लेख शोधूं नये; मार्ग तेवढा समजावा.

त्याच चिंचणी-तारापुरांत, बोईसरच्या कारखान्यांपासून थोड्या अंतरावर, आज घरोघर दागिन्यांचे डाय कोरले जातात. पोलादांत खळग्यांची ओळ कोरून तीवर पातळ पत्रा दाबला कीं मण्यांची रांग उठते; ओवणी नाहीं, भोंकहि नाहीं. कौशल्य मोठें आहे, परंतु तें निराळें.

आमचें गाऱ्हाणें संग्राहकांकडे आहे. जुनी गंजलेली तार फेंकून मणी नायलॉनच्या दोऱ्यांत ओवण्याची चाल वाढली आहे. असें कंकण हातीं आल्यास प्रथम ओवणीसह त्याचें छायाचित्र घ्यावें, मण्यांचा क्रम लिहून ठेवावा, आणि सोडणें भागच पडलें तर तारेचा तुकडान् तुकडा त्याच पाकिटांत ठेवावा.