राजाला दिलेलं कपाट आणि आपल्या डंजनच्या टाइल्स

आजची गोष्ट एका कपाटाची आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा तसलाच एखादा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळत असाल, तर नकाशाच्या टाइल्स तुम्ही पाहिल्या असतील. जाड पुठ्ठ्याचे तुकडे. कशावर खोली, कशावर बोळ, कशावर जिना. जोडाल तसं तळघर तयार होतं. दिसतं झकास. पण हे सगळं ठेवायचं कुठे, आणि ऐन खेळात हवा तो तुकडा सापडायचा कसा? प्रश्न किरकोळ वाटतो ना? या खेळाच्या पूर्वजाला मात्र याच प्रश्नामुळे आपलं रूपच बदलावं लागलं.

चला, प्रशियात जाऊ. १८०६ मध्ये येनाच्या लढाईत नेपोलियनने प्रशियाचं सैन्य पार लोळवलं होतं. त्यानंतरच्या काळात गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसवित्झ हा एक मुलकी अधिकारी, म्हणजे सैनिक नव्हेच, युद्धाचा एक खेळ तयार करत होता. तोवरचे युद्धखेळ बुद्धिबळासारखे चौकटींच्या पटावर चालायचे. राइसवित्झला ते खटकायचं. खरी नदी काय चौकटी बघून वाहते? म्हणून त्याने टेबलावर ओली वाळू पसरली, तिच्यात टेकड्या आणि दऱ्या घडवल्या आणि त्यावर छोटे ठोकळे सैन्य म्हणून हलवले. १८११ मध्ये राजपुत्रांनी हा खेळ पाहिला आणि खूश होऊन वडिलांच्या, म्हणजे राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्या, कानावर घातला.

आता पंचाईत झाली. राजासमोर ओल्या वाळूचं टेबल कसं मांडायचं?

१८१२ मध्ये राइसवित्झने राजाला जे सादर केलं, ते लाकडी कपाटवजा टेबल होतं. वर साधारण सहा फूट लांब, सहा फूट रुंद पट उलगडायचा. त्यावर मांडायला चौकोनी फरशा होत्या, आणि त्यांच्यावर टेकड्या, रस्ते, नद्या उठावात घडवून रंगवलेल्या. फरशांची जागा बदलली की नवी रणभूमी! सैन्यासाठी चिनी मातीचे ठोकळे, अंतर मोजायला पट्ट्या आणि कंपास. आणि हे सगळं सामान ठेवायला खाली खण. मला यातली गंमत वाटते ती ही, की सुट्या तुकड्यांचा नकाशा आणि तो ठेवायचं फर्निचर, दोन्ही एकदमच जन्माला आले. आज परदेशात खण असलेली महागडी गेमिंग टेबलं विकतात, त्यांचं खापरपणजोबा म्हणजे हे कपाट.

राजघराण्यात खेळ रंगला. पण राजवाड्याबाहेर? असं कपाट किती जण बनवून घेणार, आणि छावणीत कोण वाहून नेणार?

ही गाठ त्याच्या मुलाने सोडवली. गेओर्ग हाइनरिश रुडोल्फ हा तोफखान्यातला अधिकारी. १८२४ मध्ये त्याने वडिलांच्या खेळात मोठी उलथापालथ केली. त्या सुंदर फरशा त्याने सरळ काढून टाकल्या आणि १:८००० प्रमाणाचे कागदी नकाशे आणले. लढाईचा निकाल ठरवायला फासे आणले. पंचाच्या हाती मोठा अधिकार दिला. एखादी तुकडी शत्रूला दिसण्यासारख्या जागी आली, तरच पंच तिचा ठोकळा नकाशावर ठेवणार, नाहीतर नाही. आता खेळ पेटीत मावू लागला. राजाने तो रेजिमेंटांना देण्याचा हुकूम काढला. वडिलांचं काम जास्त देखणं होतं, यात वाद नाही. पण जगभर गेला तो मुलाचा कागद.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. अमेरिकी लष्करातल्या चार्ल्स टॉटनने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगॉस’ हे युद्धखेळाचं पुस्तक काढलं. १९६० च्या दशकात ते मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीच्या हाती लागलं आणि त्याने पंच असलेले खेळ सुरू केले. त्यातला ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ खेळलेल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ हे आपलं जग उभं केलं, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. तो प्रशियन पंच आता डंजन मास्टर झाला होता.

टाइल्स मात्र अजून परतल्या नव्हत्या. पंच वर्णन करायचा आणि खेळाडूंपैकी एक जण आलेखाच्या कागदावर नकाशा काढत बसायचा. तुकडे जोडायची कल्पना युद्धखेळांत मात्र जिवंत होती. १९७० च्या ‘पँझरब्लिट्झ’ मधले तीन पट कसेही जोडले तरी कडा जुळायच्या. १९७६ मध्ये टीएसआर कंपनीने ‘डंजन जिओमॉर्फ्स’ छापले. कागद कापायचा, तुकडे फिरवायचे, की कडेवरचे बोळ एकमेकांना भिडतात. वजन जवळपास शून्य! १९९६ मध्ये ड्वॉर्व्हन फोर्ज कंपनीने उठावाच्या भिंती आणि फरशा विकायला काढल्या, म्हणजे थोरल्या राइसवित्झची हौस परत आली. आणि २००६ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या पुठ्ठ्याच्या ‘डंजन टाइल्स’ आल्या. एक इंचाची चौकट म्हणजे पाच फूट, आणि दोन्ही बाजूंना छपाई.

ही दोन्ही बाजूंची छपाई म्हणजे खरी डोकेदुखी बरं का. हवी असलेली खोली नेमकी पटावर आधीच मांडलेल्या बोळाच्या पाठीवर असते. त्यामुळे ‘खोल्या इकडे, बोळ तिकडे’ अशी वर्गवारी टिकतच नाही. मी आकाराप्रमाणे लावतो. चार बाय चार एका पाकिटात, दोन बाय आठ दुसऱ्यात. दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलवर. पाकिटं आडवी ठेवून वर एक जाड पुस्तक, कारण आपल्या पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो.

पण खेळाच्या दिवशी ही रचना मोडायची. इथे धाकटा राइसवित्झ कामाला येतो. दिसल्याशिवाय ठोकळा ठेवायचा नाही, तसंच दार उघडल्याशिवाय खोली मांडायची नाही. म्हणून त्या दिवशी लागणाऱ्या टाइल्स आदल्या रात्री काढायच्या आणि ज्या क्रमाने दारं उघडतील त्या क्रमाने गठ्ठा लावायचा, पहिली खोली सगळ्यात वर. जिथे वाट फुटते तिथे मध्ये रंगीत कागद घालून दोन गठ्ठे. गठ्ठा पडद्याआड, खेळाडूंच्या नजरेबाहेर. टेबलावर खाली खरखरीत रबरी चटई, नाहीतर कुणाचं कोपर लागलं की अख्खं तळघर सरकतं. आणि एकदम पाच-सहाच्या वर खोल्या मांडलेल्या ठेवू नका. मागे राहिलेल्या उचला, कदाचित पुढच्या दाराला त्यातलीच एखादी उलटी करून लागेल.

पुढच्या भागात फाशांबद्दल बोलू. वीस बाजूंचा फासा शाळेच्या साहित्याच्या कॅटलॉगमधून या खेळात कसा शिरला, ते. तोवर टाइल्स कोरड्या ठेवा.