छत्तरमंझिलातील हळद

लखनौच्या उत्तरेस असलेली मडियांवची जुनी छावणी 30 मे 1857 च्या रात्री उठली, आणि बंड शमल्यावर सरकारने शहराच्या आग्नेयेस नवी छावणी वसविली. परंतु गोऱ्या अंमलदारांच्या विरंगुळ्यासाठी मात्र गोमतीकाठचा छत्तरमंझिल हा नवाबी प्रासादच मुक्रर होऊन तेथे युनायटेड सर्व्हिस क्लब नांदला. त्याच वास्तूत 17 फेब्रुवारी 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. पराक्रमाच्या बाता ऐकलेल्या दालनांस लाभलेले हे दुसरे आयुष्य मला अधिक थोर वाटते.

याच संस्थेत पुढे हळदीचा सुजेवरील गुण तपासला गेला; तो समजण्यासाठी आधी सूज कशी येते ते पाहावे लागते. शरीरास इजा झाली की पेशींच्या आवरणातून ॲरॅकिडोनिक आम्ल मुक्त होते, आणि सायक्लोऑक्सिजनेज हे विकर त्यास प्राणवायू जोडून ज्या द्रव्यांची वाट मोकळी करते, ती प्रोस्टाग्लँडिने रक्तवाहिन्या रुंदावतात व वेदनावाहक मज्जातंतूंस हळवे करतात. विकराच्या गाभ्यात एक लांब, अरुंद विवर असते. ॲस्पिरिन त्या विवरातील सेरीन या घटकावर ॲसिटिल गट कायमचा बसवून आम्लाचा मार्ग रोखते. 1899 पासून विकल्या जाणाऱ्या या औषधाने प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती थांबते, हे शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखविले. विवराची प्रत्यक्ष रचना मात्र 1994 साली क्ष-किरणांनी उलगडली.

व्हेन यांच्या शोधानंतर दोनच वर्षांनी, 1973 मध्ये, लखनौच्या संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी हळदीतील कुरकुमिन उंदरांच्या पायांवरील सूज उतरविते, असा निबंध प्रसिद्ध केला. घरोघरी मुरगळलेल्या पायावर लावल्या जाणाऱ्या हळदीच्या लेपास प्रयोगशाळेच्या दफ्तरात अशी नोंद मिळाली. पुढे, सूज आल्यावर पेशी सायक्लोऑक्सिजनेजचा जो दुसरा प्रकार निर्माण करतात, त्याची निर्मितीच कुरकुमिन मंदावते, असे प्रयोगनळीत आढळले. परंतु पोटातून ते रक्तात अत्यल्प शोषले जाते, म्हणून हळदीच्या दुधास ॲस्पिरिनची जागा देणे उचित नव्हे.

1995 साली अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट दिले गेले, तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली, संस्कृत व उर्दू ग्रंथांसह जुने पुरावे पुढे ठेवून त्यास हरकत घेतली. 1997 साली ते पेटंट रद्द झाले.