तळटीप : ‘रिले गेला’

१. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. गाडीच्या हेडलाइटचा एच-४ बल्ब डिपरवर ५५ आणि अपरवर ६० वॅट घेतो. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून दोन बल्बांना मिळून नऊ-दहा अँपिअर लागतात. हा भार स्टिअरिंगजवळच्या नाजूक स्विचवर टाकला, तर त्याचे पॉइंट जळतात. म्हणून स्विच फक्त रिलेच्या कॉइलला किंचित प्रवाह देतो; तिच्या चुंबकत्वाने रिलेचे पॉइंट जुळतात नि मुख्य प्रवाह फ्यूजमार्गे बल्बाकडे जातो. परतीची वाट गाडीच्या पत्र्यातूनच, तिला ‘अर्थ’ म्हणतात. ही जोडणी गंजली की दिवा मिणमिणतो. (मेकॅनिक आधी बल्बच बदलतात, ते सोडा!) अनेक जुन्या गाड्यांत मुळात रिलेच नसे.