कॉर्टिसॉल आणि पचनमार्गाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे ताण-संप्रेरक. त्याचे नियमन हायपोथॅलॅमस आणि पियुषिका ग्रंथी करतात. निरोगी प्रौढात ते रोज सुमारे १० मिग्रॅ. तयार होते, पहाटेकडे जास्त आणि मध्यरात्री कमी. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड किंवा मोठ्या आतड्याची गाठ काढताना हे प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि दिवसरात्रीची लय मोडते. ही वाढ रक्तदाब टिकवते. पण फार लांबली तर रक्तशर्करा चढते, स्नायू झिजतात, जखम चिघळते. आधीच खंगलेल्या रुग्णाला हे परवडत नाही.

कमतरता अधिक फसवी. येवल्याहून नाशिकला किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) जाणारा रुग्ण दम्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेली स्टिरॉइडची गोळी सांगायला विसरतो. ‘दम्याची गोळी’ हे त्याच्या लेखी औषधच नसते. अशा गोळीने ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. मग शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळतो, सलाइनला दाद देत नाही, आणि आतड्याचा शिवलेला सांधा गळतोय की काय अशी शंका येते. सांधा खरोखरच गळत असेल तरी चित्र जवळपास हेच दिसते, म्हणून दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. कमतरतेवर हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून देतात. डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या शीघ्र पुनर्लाभ पद्धतीत एपिड्युरल भूल आणि लवकर आहार यांनी शस्त्रक्रियेचा ताणच कमी केला जातो.