पायथॉनमधील वेब आज्ञावल्या आणि आरंभकालीन सेटिंग्ज : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वेब आज्ञावली सुरू होताना तिला काही गोष्टी ज्ञात असाव्या लागतात. डेटाबेस कोठे आहे, त्याचा पासवर्ड कोणता, आज्ञावली चाचणीसाठी चालविली जात आहे की प्रत्यक्ष वापरासाठी, या माहितीस सेटिंग्ज असे म्हणतात. ती कोठे ठेवावी व आरंभी कशी मिळवावी, या प्रश्नाला पायथॉन भाषेत मिळालेल्या उत्तरांचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

विवेचन :
२००३ साली मांडलेल्या 'पीईपी ३३३' या दस्तऐवजाने सर्व्हर व पायथॉन आज्ञावली यांच्यातील व्यवहाराचे नियम सांगितले. मात्र सेटिंग्जचा प्रश्न त्याने सर्व्हरवर सोपविला. त्यामुळे प्रत्येक चौकटीने आपापला मार्ग काढला. २००५ मध्ये खुल्या झालेल्या जँगोने सेटिंग्ज पायथॉनच्याच एका फाइलीत ठेवल्या. त्या कोठूनही वाचता येत असल्याने सोय झाली. परंतु एका प्रक्रियेत सेटिंग्जचा एकच संच, हे बंधनही आले.

२०१० मध्ये आलेल्या फ्लास्क व पिरॅमिड या चौकटींनी सेटिंग्ज आज्ञावलीच्या वस्तूशी जोडल्या. पिरॅमिडमध्ये फाइलीतील सेटिंग्ज आरंभीच्या मुख्य फलनाला थेट दिल्या जातात आणि पुढे प्रत्येक विनंतीमार्फत उपलब्ध होतात. आरंभी मात्र विनंतीच अस्तित्वात नसते. म्हणून त्या वेळी लागणारी माहिती मुख्य फलनातूनच पुढे द्यावी लागते.

२०११ च्या सुमारास हेरोकू या कंपनीच्या अॅडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप' या मांडणीत सेटिंग्ज पर्यावरण-चलांत ठेवण्याचा आग्रह धरला. आज्ञावली या क्षणी सर्वांसाठी खुली केली तर एखादा पासवर्ड उघड होईल काय, ही त्यांची कसोटी होती. या पद्धतीतही धोका आहे. पर्यावरण-चलाचे मूल्य नेहमी अक्षरमालाच असते आणि पायथॉनमध्ये कोणतीही रिक्त नसलेली अक्षरमाला सत्य मानली जाते. परिणामी 'फॉल्स' असे लिहून बंद केलेली चाचणी-अवस्था प्रत्यक्षात चालूच राहू शकते आणि आज्ञावलीचा अंतर्गत तपशील परक्यांसमोर येऊ शकतो.

निष्कर्ष :
सेटिंग्जची जागा बदलत गेली. पण जागा बदलल्याने जबाबदारी संपली नाही. सेटिंग्ज आरंभीच एकदा वाचाव्यात, योग्य प्रकारात रूपांतरित कराव्यात आणि आवश्यक मूल्य नसल्यास आज्ञावली सुरूच होऊ देऊ नये, हे या इतिहासाचे सार होय. आरंभी उघड झालेला दोष निर्मात्याला दिसतो. नंतरचा वापरकर्त्याला भोगावा लागतो.