जुन्या वाड्यांतील जिना

पेशवाईंतील वाड्यांचीं वर्णनें वाचतांना दिवाणखाने, सुरूदार खांब, महिरपी यांची स्तुति पुष्कळ आढळते. जिन्याविषयीं मात्र वर्णनकार नाक मुरडून पुढें सरकतो. अरुंद, काळोखी, छातीवर येणारा! त्यावरून आमच्या सुतारांस जिना साधत नव्हता, असा तर्क कित्येक करतात. तो मला मान्य नाहीं.

बदलापूरजवळील सोनिवलीसारख्या खेड्यांत माळ्यावर चढावयास शिडी पुरे. मजल्यांच्या वाड्यांस जिनाच हवा. दातेरी जिन्याचें मर्म दोन्ही अंगांच्या तिरप्या फळ्यांत असतें. फळीवर गुण्या धरून एका भुजेवर पायरीची उंची व दुसरीवर रुंदी घ्यावयाची, रेघ मारून गुण्या सरकवीत जावयाचें, आणि मग करवतीनें दांते कापावयाचे. दांत्यांच्या मुळाशीं पुरेसें अखंड लांकूड उरलें नाहीं, तर फळी वजनानें लवते. आणखी एक खोंच आहे. पायरीच्या फळीची जाडी बुडाशीं वजा करावी लागते; ती विसरल्यास पहिली पायरी उंच व शेवटची बुटकी होते, आणि अंधारांत चढणारा तेथेंच ठेंचाळतो. सुरूचा खांब घडविणाऱ्यास एवढें गणित अवघड खास नव्हतें.

अडचण होती जागेची. 10 फुटांच्या मजल्यास 7½ इंच उंच व 10 इंच रुंद पायऱ्या धरल्या, तर जिना 12½ फूट पसरतो. 10 इंच उंच व 6 इंच रुंद धरल्या, तर 5½ फुटांत भागतें. फ्रान्सांत ब्लोंदेल यानें 1675 सालीं नियम घातला, कीं दोन उंच्या व एक रुंदी मिळून 24 फ्रेंच इंच, म्हणजे सुमारें 65 सेंटिमीटर, व्हावे. राजवाडे बांधणाऱ्यास हें सोपें!

पण आमच्याकडील थोरांच्या वाड्यांतही, जागा असून, जिना जाड भिंतीच्या पोटांतच दडविलेला दिसतो. एका वेळीं एकच माणूस चढावा, वरचें दार लावलें कीं मजला सुरक्षित, हा हेतु उघड आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला; तेव्हां कोणताच बंदोबस्त कामास आला नाहीं, ही गोष्ट निराळी. त्या वाड्याचे लांकडी मजले 1828 च्या आगींत जळाले, तेव्हां त्याचे जिने तपासण्याची सोय उरली नाहीं. इतरत्र जे उरले, त्यांच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत. धन्याच्या भयापायीं बांधलेल्या त्या चढणीवरून भरलेल्या घागरी, तान्हीं मुलें आणि आजारी माणसें नेलीं तीं मात्र घरांतील बायकांनीं व गड्यांनीं.